अ‍ॅड्रेस बारमधून थेट मराठी विकिपीडियावर

अ‍ॅड्रेस बारमध्ये काहीही टाइप केलं तरी शेवटी गुगलवरच जातं, असं बरेचदा म्हटलं जातं, पण मला ते पटत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सर्च'खाली हवी ती साइट जोडता येते. मराठी विकिपीडियावर एखादा निरर्थक शब्द शोधा (खरा शब्द दिला तर थेट लेखच उघडतो), आलेला पत्ता कॉपी करून 'साइट सर्च'मधल्या पत्त्याच्या रकान्यात टाका आणि त्या शब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह व त्याला चिकटून इंग्रजी लहान एस (%s) लिहा; तुम्ही शोधाल तो शब्द तिथे बसतो.

शॉर्टकट, म्हणजे ही साइट निवडायला अ‍ॅड्रेस बारमध्ये टाइप करायची छोटी खूण, मात्र देवनागरीतच द्या. मी 'वि' ठेवलाय. आधी इंग्रजी अक्षर, मग कीबोर्ड बदला, मग मराठी शब्द, यात फार वैताग यायचा. आता 'वि', टॅब, 'रायगड', एंटर, की लेख समोर! फायरफॉक्समध्ये असा पत्ता बुकमार्क करून त्याला 'कीवर्ड', म्हणजे असाच शॉर्टकट, द्यायचा.