मदत हवी आहे: ताईच्या फोनवर स्पायवेअरचा इशारा आलाय, रिसेट मारू का?

नमस्कार मंडळी, घाईत टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. माझी मोठी बहीण नागपुरात वकिली करते, वनहक्काचे दावे वगैरे. परवा रात्री तिला ॲपलचा मेल आला की तुमच्या आयफोनवर स्पायवेअरचा, म्हणजे चोरून पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला असावा. आधी वाटलं फ्रॉड असणार, आजकाल वीज कापायचे मेसेज येतात तसा. पण मेलमध्ये कुठे लिंक दाबा असं काही नाही, आणि ब्राउझरमधून तिच्या ॲपल अकाउंटला स्वतः लॉगिन केलं तर वरतीच तीच सूचना. म्हणजे खरा आहे.

आई म्हणते बटणवाला फोन घे. दाजी म्हणतात आपण काय चोऱ्या करतो का, बघू दे ज्याला बघायचंय. आता यांना कसं समजवायचं, पेगॅसस नावाच्या स्पायवेअरसारखं काही असलं तर लिंक न दाबताही आत शिरतं, मेसेज, फोटो, माइक सगळं त्यांच्या हातात, आणि फोन ताईचा असला तरी आतले कागद अशिलांचे आहेत ना! २०१९ ला व्हॉट्सॲपने पेगॅससबद्दल ज्यांना सावध केलं होतं त्यात नागपूरचे वकीलही होते, म्हणून तिने जास्तच धसका घेतलाय.

कोणी केलं हे मेलमध्ये नाही, मीही कुणाचं नाव घेत नाही. पण पेगॅसस बनवणारी कंपनी स्वतःच सांगते की आम्ही फक्त सरकारांना विकतो, मग माणसाच्या मनात काय येणार? फोन टॅप करायला गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो, ६० दिवसांचा, वाढवून फार तर १८० दिवस, एवढं ताईने सांगितलं. पण ज्याचं ऐकलं त्याला कधीच कळवत नाहीत, मग दाद मागणार कशी? २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे म्हटलं, कागदावर झकास. पुढे पेगॅसस प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, पाचांत मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) निघालं, ते पेगॅससच का हे ठरलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही असं २०२२ मध्ये कोर्टातच सांगितलं गेलं. तिथे ही गत, तर आमचं काय.

तर विचारायचं असं की रिसेट मारू का? सायबर पोलिसांत जायचं का, की ज्यांच्यावर शंका त्यांच्याच दारात जाण्यासारखं होईल? आणि अशिलांना आत्ताच सांगायचं का?

---

रिसेट अजिबात नको!! खुणा पुसल्या जातील, मग तपासणारा काय तपासणार. आधी बॅकअप घेऊन ठेवा, आयओएस अपडेट करा, आयफोनमधला जादा सुरक्षेचा लॉकडाउन मोड चालू करा. ॲक्सेस नाऊ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन आहे, वकील-पत्रकारांना फुकट मदत करतात, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून संपर्क करा. पोलिसांत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, फोन मात्र पंचनाम्याशिवाय हातात देऊ नका.

---

धन्यवाद भाऊ, थोडक्यात वाचलो, रिसेटचं बटण दाबायच्याच बेतात होतो. बॅकअप चालू आहे. अशिलांचं मात्र कुणीतरी सांगा, ताई उद्या गडचिरोलीला निघतेय, त्यांना भेटायलाच.