मदत हवी आहे: थायरॉइडचा बीटा रिसेप्टर (हॉर्मोनचा संदेश घेणारं प्रथिन) बिघडला तर मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरात) नक्की काय होतं?

नमस्कार मंडळी, बायोकेमिस्ट्री किंवा एंडोक्राइनमधलं कुणी असेल तर प्लीज जरा समजावून सांगा, पंधरा दिवस वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडलीय.

माझ्या बहिणीला रेझिस्टन्स टू थायरॉइड हॉर्मोन बीटा निघालंय, म्हणजे शरीर थायरॉइड हॉर्मोनला नीट दाद देत नाही. टी३ टी४ ही थायरॉइडची दोन्ही हॉर्मोन्स वाढलेली पण टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन) काही खाली जाईना, आधी बरेच महिने साधं हायपरथायरॉइड समजूनच गोळ्या चालल्या होत्या, शेवटी जीन टेस्ट केली तेव्हा टीएचआरबी जीनमध्ये (यातूनच बीटा रिसेप्टर बनतो) बदल सापडला.

मला कळलंय ते असं. टी३ चे रिसेप्टर दोन जीन्समधून बनतात, अल्फा आणि बीटा. पिट्युटरी (टीएसएच सोडणारी मेंदूखालची ग्रंथी) आणि लिव्हरमध्ये बीटा जास्त, हृदयात आणि स्नायूंत मुख्यतः अल्फा. तिचा बीटा बहिरा झालाय म्हणून पिट्युटरीला वाटतं हॉर्मोन कमीच आहे, मग ती टीएसएच सोडत राहते, थायरॉइड ग्रंथी अजून हॉर्मोन बनवते आणि ते सगळं जाऊन आदळतं धडधाकट अल्फावर, म्हणून नाडी पळते. इथपर्यंत पटलं.

पण ती भरपूर खाते, दोन तासांत परत भूक, वजन वाढत नाही, आणि तरी जिना चढला की गळून जाते. २०१० च्या एका अभ्यासात वाचलं की अशा लोकांचा बसल्या जागचा ऊर्जाखर्च जास्त असतो आणि स्नायूंच्या मायटोकॉन्ड्रियात इंधन जास्त जळतं पण त्या मानाने एटीपी (पेशीला वापरता येणारी ऊर्जा) बनत नाही, बाकीचं उष्णतेत जातं. ते वाचून तिचं सगळं वागणं एकदम डोळ्यासमोर आलं हो, आम्ही तिला आळशी म्हणायचो.

आता माझा प्रश्न. पी४३ नावाचा अल्फाचाच आखूड प्रकार थेट मायटोकॉन्ड्रियात बसतो आणि तिथल्या डीएनएचं काम वाढवतो म्हणतात. तिचा अल्फा जीन चांगला आहे म्हणजे पी४३ पण चांगलाच असणार ना? मग हे जास्तीचं जळणं पी४३ मुळे होतंय की केंद्रकातल्या अल्फामुळे? आणि स्नायूत थोडा बीटा असतोच, तो बिघडलेला बीटा डीएनएवर कोरिप्रेसर (जीन बंद ठेवणारं प्रथिन) धरून बसतो आणि चांगल्या रिसेप्टरलाही आडवा येतो, मग एकाच पेशीत एक ढकलतोय आणि दुसरा ब्रेक दाबतोय असं होतं का? झालं तर पीजीसी-१ अल्फा (नवीन मायटोकॉन्ड्रिया बनवायला लावणारं प्रथिन) वाढतो की दबतो?

आयोडीन, सप्लिमेंट वगैरे सुचवू नका प्लीज, उपचार डॉक्टर बघतायत. ती मला रोज विचारते, एवढं खाऊन अंगात ताकद का नाही, तिला नीट उत्तर द्यायचंय. कुठला पेपर वाचू एवढं सांगितलंत तरी चालेल, अवघड असला तरी वाचेन.