‘न्यूक्लिओसाइड ॲनालॉग’ : सदृश की तोतया?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक) : आमच्या मावशींना स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी नाशिकमध्येच जेमसायटाबिनचे सलाईन सुरू आहे. कागदपत्रांत औषधाचा वर्ग ‘न्यूक्लिओसाइड ॲनालॉग’ असा दिला आहे. घरातील वडीलधाऱ्यांना तो समजावून सांगताना ‘न्यूक्लिओसाइड-सदृश’ म्हणणे पुरेसे आहे काय?

उत्तर : परिभाषा म्हणून ‘सदृश’ योग्यच आहे, परंतु तो निम्मीच हकिकत सांगतो. न्यूक्लिओसाइड म्हणजे साखर आणि नत्रयुक्त आम्लारी यांची जोडी, आणि तिला फॉस्फेट जोडले गेले की डीएनएच्या साखळीतील दुवा तयार होतो. जेमसायटाबिन हे शरीरातील डीऑक्सिसायटिडिनसारखेच असते, फक्त त्याच्या साखरेवर एका जागी हायड्रोजनच्या दोन अणूंऐवजी फ्लोरिनचे दोन अणू असतात. या साधर्म्यामुळे पेशी त्याला आपले समजून आत घेते आणि स्वतःच्याच विकरांकरवी त्याला एकामागून एक तीन फॉस्फेट जोडून देते. येथपर्यंत ‘सदृश’ चालतो. पुढे हा दुवा साखळीत बसतो, त्याच्यामागे एक अस्सल दुवा जोडला जातो आणि मग साखळीची वाढ खुंटते. शेवटचा दुवा अस्सल असल्यामुळे दुरुस्ती करणाऱ्या विकरांना आतला परका सहजी काढता येत नाही. शिवाय दोन फॉस्फेट जोडलेल्या अवस्थेत हे औषध अस्सल दुव्यांची निर्मितीच मंदावते, त्यामुळे त्याला जागा मिळण्याची शक्यता आणखी वाढते.

म्हणून अर्थ उलगडताना मी ‘तोतया’ वापरेन. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या इसमाला आपण तोतया म्हणतो, ते केवळ तो तसा दिसे म्हणून नव्हे, तर त्या बळावर त्याने भाऊसाहेबांच्या जागेवर हक्क सांगितला म्हणून. मात्र ‘तोतया औषध’ असा प्रयोग कटाक्षाने टाळावा, कारण ऐकणारा त्याचा अर्थ बनावट औषध असा घेईल. ‘तोतया दुवा’ म्हणावे. अस्थिमज्जेतील भराभर विभागणाऱ्या निरोगी पेशीही या तोतयाला फसतात, रक्तातील पेशी कमी होतात आणि म्हणूनच प्रत्येक सलाईनपूर्वी रक्ततपासणी करतात, हेही याच शब्दाने सांगता येईल.

पुरवणी प्रश्न : सायटाराबिन आणि फ्लुरोयुरॅसिल यांनाही हाच शब्द लागू होईल काय?

उत्तर : सायटाराबिनला होईल. रक्ताच्या कर्करोगावरील या औषधात साखरच वेगळी, म्हणजे ॲराबिनोज, आहे. फ्लुरोयुरॅसिलला ‘तोतया’ शोभेल, पण त्यात साखर नसून नुसता आम्लारी असल्यामुळे त्याला ‘न्यूक्लिओसाइड-सदृश’ म्हणता येणार नाही.