'द कार': आर्क्टिक मंकीजची वाढ की थकवा?

खारवारा (चिपळूण):
कामानिमित्त मला आठवड्यातून दोनदा रेल्वेने रत्नागिरीला जावे लागते आणि त्या वेळात सध्या मी आर्क्टिक मंकीज या इंग्लिश रॉक बँडचा २००६ सालचा पहिला आल्बम आणि २०२२ सालचा सातवा, म्हणजे 'द कार', असे आलटून पालटून ऐकतो आहे. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला, की चाकांच्या खडखडाटावर पहिला आल्बम सहज मात करतो. 'द कार'मधली व्हायोलिने मात्र त्यात पार बुडून जातात. शेफील्डच्या या मंडळींना ज्या गिटारींनी नाव मिळवून दिले, त्याच त्यांनी मागे सारल्या, याला सांगीतिक वाढ म्हणावे का?

पायपेटी (कुडाळ):
बोगद्यात ऐकून 'द कार'बद्दल मत बनवू नये, एवढे आधी सांगतो. मी भजनाला पेटीची साथ करतो. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, उमेदीच्या बुवांची सगळी भिस्त जलद लयीच्या गजरावर असते. तेच बुवा काही वर्षांनी देवाच्या रूपाचे वर्णन करणाऱ्या अभंगात एकाच शब्दावर रेंगाळतात, झांजा मांडीवर पडून असतात, तरी मांडवातले कोणी चहाला उठत नाही. बँडचा ड्रमर मॅट हेल्डर्स याचे ड्रम याच कानाने ऐकावेत. पहिल्या आल्बममध्ये तो ऐकणाऱ्याला उसंत देत नाही, इथे मात्र कित्येक ओळी तो नुसता ठेका धरून बसतो, आणि हे अधिक अवघड आहे. दुसरे असे, की २०१८ च्या आल्बमपासून गायक अ‍ॅलेक्स टर्नर पियानोवर चाली बांधू लागला. गिटारवर बोटे सवयीच्या जागी पडतात. पट्ट्यांसमोर बसल्यावर हात निराळे स्वर शोधू लागतो.

सुरुबन (दापोली):
पायपेटी यांचे ड्रमविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण निष्कर्ष पटत नाही. खरी वाढ २००९ च्या 'हंबग' या आल्बममध्ये झाली, असे मी म्हणेन. जॉश होमी याच्यासारखा निर्माता, कॅलिफोर्नियातले जोशुआ ट्रीचे वाळवंट, उतरलेली लय, जड आणि काळोखी झालेली गिटार. तरीही मुख्य वादन बँडच्या चौघांचेच. २०१३ च्या 'एएम'मध्ये त्यांनी त्याच गिटारीला हिप-हॉपच्या ठेक्यावर बसवले. 'द कार' देखणा आहे, याबद्दल वाद नाही, परंतु तिथे गायक पुढे आणि बाकीचे तिघे पडद्याआड, अशी स्थिती आहे. एकाच्या वाढीला बँडची वाढ कसे म्हणावे?

खारवारा (चिपळूण):
दोघांचेही आभार. काल रात्री पावसाने वीज गेल्यावर पंखासुद्धा बंद झाला, तेव्हा 'द कार' सलग ऐकला. दहा गाणी, सदतीस मिनिटे. पहिल्याच गाण्यात टर्नरचा आवाज येण्याआधी पियानो आणि तंतुवाद्ये बराच वेळ चालतात, हे गाडीत माझ्या लक्षातच आले नव्हते. ड्रमबाबत पायपेटी यांचे म्हणणे पटले. पण आठव्या-नवव्या गाण्याला गिटारची आठवण झाली, हेही खरे. 'हंबग' मी अजून ऐकलेलाच नाही, तो शनिवारी घरीच ऐकतो.