'रिस्क पर्सेप्शन'ला मराठीत काय म्हणायचं? धोका, जोखीम की अजून काही

वेलांटी: एक माहितीपत्रक मराठीत करतेय, विषय असा की महासाथीत वयस्कर लोकांना स्वतःच्या तब्येतीची रिस्क किती आणि कशी वाटते. 'जोखीम-आकलन' लिहिलं तर सरकारी परिपत्रक वाटतंय, 'धोक्याची जाणीव' लिहिलं की घंटाच वाजते डोक्यात. सुचवा काहीतरी.

कानामात्रा: आधी 'आकलन' काढ. आकलन म्हणजे समजणं, त्यात बरोबर-चूक आलं, इथे नुसतं काय वाटतं तेवढंच आहे. आणि धोका-जोखीम एक नाहीत हां. विषाणू हा धोका, तो सगळ्यांना सारखाच, पण जोखीम माणसागणिक बदलते, पंचविशीतल्याची वेगळी, ऐंशीला टेकलेल्या आणि वर डायबेटिस असलेल्याची वेगळी. म्हणून धोका टळतो, जोखीम मात्र कमी होते किंवा आपण ती पत्करतो. (हिंदीतला दगाफटकावाला 'धोका' हल्ली मराठीतही घुसलाय, तो सोडून बोलतोय.)

जुनाट: मी ७१ चा, म्हणजे पत्रक माझ्यावरच आहे म्हणायचं 😄 २०२० मध्ये 'अतिजोखमीचा गट' रोज कानावर पडायचं, तेव्हा वाटायचं मी माणूस नसून काचसामान आहे, जपून उचला. पण खरं सांगू का, डोक्यात दोन वेगळे हिशोब चालायचे. मला लागण होईल का? छे, कुठे जातोय मी. आणि झालीच तर? मग काही खरं नाही. पहिली झाली शक्यता, दुसरी धास्ती, तुमचा एक शब्द दोन्हींना पुरणार कसा?

कानामात्रा: काका, अगदी! मार्च २०२० मध्ये अमेरिकेत एक सर्व्हे झालेला त्यात हेच निघालं, वय वाढेल तशी 'झाला तर मरू' ही भीती जास्त पण 'मला होईल' असं वाटणं कमी, आणि गंमत म्हणजे चिंता, डिप्रेशन तरुणांपेक्षा कमी. म्हणजे 'म्हातारे घाबरलेत' किंवा 'म्हाताऱ्यांना काही पडलेलं नाही' दोन्ही अर्धवट.

वेलांटी: मग 'भीती' पण बाद, मी पहिल्या ड्राफ्टमध्ये तेच ठोकलेलं 🙈

जुनाट: 'जोखणे' म्हणजे तोलणे, ते क्रियापद जरा 'जोखीम'च्या शेजारी ठेवून बघा. नातवाला लांबून का होईना बघायला गेलो तेव्हा मुलगा म्हणाला बाबांना कळत नाही. कळत होतं की. एका पारड्यात आजार, दुसऱ्यात उरलेली वर्षं, जोखूनच गेलो होतो.

वेलांटी: शीर्षकात 'तब्येतीची जोखीम : ज्येष्ठांना काय वाटतं' टाकते, आणि आत 'लागण होण्याची शक्यता' आणि 'झाल्यास किती गंभीर' असे दोन प्रश्न वेगळे करते. 'गट' शब्दाचं काय करू काका?

जुनाट: 'ज्यांना जास्त जपायला हवं असे' लिहा. लांब होईल, होऊ दे.