थाळनेरहून धुळ्याला बंद बुलेट छोट्या ट्रॉलीवर न्यायची आहे, सल्ला हवा

तापीकाठ:
राम राम मंडळी. वडिलांची जुनी बुलेट ३५० नऊ वर्षांपासून गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी तिच्यावरची धूळ पुसली आणि बराच वेळ नुसते जवळ बसून राहिले. तेव्हाच ठरवलं, ही गाडी पुन्हा चालवायची. धुळ्यात एक जुने मिस्तरी आहेत, ते काम घ्यायला तयार आहेत, पण गाडी त्यांच्याकडे न्यायला हवी. इंजिन जाम आहे, चाकं मात्र फिरतात.

काम टप्प्याटप्प्याने होणार, म्हणजे दोन-चार फेऱ्या नक्की. भावाकडे बोलेरो आहे, तिला मागे हूक आहे. गावात एकजण दोन चाकांची छोटी ट्रॉली १८ हजारांत विकतोय. पूर्वी ती फवारणीची टाकी न्यायला वापरायचे. माप ४ बाय ७ फूट, खाली कमानपाटे, फाळका मागे उघडतो. घ्यावी का? घेतली तर बुलेट चढवायची आणि बांधायची कशी? रस्ता शिरपूर, सावळद्याचा तापी पूल, नरडाणा, सोनगीर, धुळे.

केळीचा_घड (रावेर):
एकच फेरी असती तर छोटा हत्ती भाड्याने घे म्हटलं असतं. दोन-चार फेऱ्या आणि पुढे शेतीलाही उपयोग, तर ट्रॉली परवडते. पण आधी कागद बघ. कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्याला स्वतःची नोंदणी लागते. गाडीमागे रस्त्यावर ओढायचा तो नोंदणी झालेलाच ट्रेलर. गावातल्या निम्म्या छोट्या ट्रॉल्यांना नंबरच नसतो. शेतात चालून जातं, हायवेला नाही. विमा कंपनीलाही लेखी विचार, पॉलिसीत ट्रेलर धरलाय का ते.

जुनं_लोखंड (चोपडा):
भाऊ, सविस्तर लिहितो, कारण या कामात माझा पाय जायबंदी झाला होता.

२०११ साली मी आणि दोन मित्र अशाच ट्रॉलीवर येझदी चढवत होतो. ट्रॉली जीपला जोडलेली नव्हती, पुढच्या दांडीखाली विटा लावल्या होत्या. गाडीचं वजन मागच्या कडेवर येताच ट्रॉली तराजूसारखी कलली, दांडी वर उडाली, फळी निसटली आणि गाडी माझ्या नडगीवर आली. सहा आठवडे प्लास्टर. म्हणून पहिली गोष्ट: ट्रॉली बोलेरोला जोडल्याशिवाय, पिनेला कुलूपकाडी लावल्याशिवाय आणि बोलेरोचा हँडब्रेक ओढल्याशिवाय बुलेटला हात लावायचा नाही. फळीचं वरचं टोक ट्रॉलीला साखळीने बांधायचं. गाडी चढताना चाक फळीला मागे ढकलतं, मोकळी फळी सटकणारच.

चढवायला लोखंडी रॅम्प विकत घेऊ नकोस. आपल्याकडे बांध आहेत. ट्रॉलीची चाकं चारीत उतरव, म्हणजे तळ बांधाच्या उंचीला येईल आणि मधे तीन फुटांची जाड फळी पुरेल. आम्ही आता असंच करतो, दोन माणसांत बुलेट आत जाते. मिस्तरीकडे उतरवताना कुठला ओटा मिळतो ते आधी फोनवर विचारून ठेव.

आता वजनाचं. लोक ट्रॉली किती किलो उचलते एवढंच विचारतात. बुलेट पावणेदोनशे किलोच्या आसपास, तेवढं कुठलीही ट्रॉली उचलेल. खरा प्रश्न वजन कुठे ठेवलं याचा आहे. एक्सलच्या मागे वजन गेलं तर हूक हलका होतो आणि वेग वाढला की ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे झुलायला लागते. तो झोल एकदा सुरू झाला की जीपलाही सोबत नेतो. भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर हवा. ट्रॉली दीडशे किलोची धरली तर बुलेटसकट सव्वातीनशे, म्हणजे हुकावर साधारण ३२ ते ४८ किलो. मोजायला घरातला कापसाचा काटा आहेच. बोलेरोच्या चाकांना दगड लाव, बुलेट चारही बाजूंनी पक्की बांध, ट्रॉलीच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओट लाव, मगच दांडी हुकातून काढून हुकाच्याच उंचीवर काट्याला लटकव आणि बघ. कमी भरलं तर बुलेट चार बोटं पुढे सरकव.

बुलेटच्या दोन चाकांच्या मधलं अंतर साडेचार फूट, पण टोकापासून टोकापर्यंत ती सात फुटांच्या आसपास जाते. तुझी ट्रॉली बरोबर तेवढीच. तेव्हा पुढचं चाक समोरच्या पत्र्याला टेकव आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे खिळून खाच कर.

बुलबुल_शहादा:
दादा, बांधायचं राहिलं!

जुनं_लोखंड (चोपडा):
तेच लिहितोय. साइड स्टँडवर बांधायची नाही. स्टँड वर घ्यायचा आणि गाडी सरळ उभी ठेवून चार पट्ट्यांनी चार कोपऱ्यांकडे ताणायची. नायलॉनचा दोर ताण खाऊन सैल पडतो, त्याऐवजी रॅचेटचे पट्टे घे, म्हणजे खटका मागे-पुढे करून आवळायचे पट्टे. पुढचे दोन पट्टे हँडलच्या टोकांना नकोत, हँडल वाकतं. शॉकअबला धरून ठेवणारा खालचा जो जाड पट्टा असतो तिथून घे आणि मधे जुन्या सुती साडीचा फास घाल, म्हणजे क्रोम खरवडणार नाही. शॉकअब अर्धे दबतील इतकं आवळ. पूर्ण दाबून ठेवले तर सील फुटतात आणि मिस्तरीचं एक काम वाढतं. मागचे दोन पट्टे चासीवरून, कॅरिअरवरून नाही. पेट्रोलची चावी बंद, बॅटरीची वायर काढलेली.

पहिल्या पाच किलोमीटरला थांबून पट्टे पुन्हा आवळायचे. नंतर दर थांब्याला हात लावून बघायचे.

ओहायोतला_अमळनेरकर:
मी इकडे दहा वर्षं हेच करतोय म्हणून लिहितो. इथे ४ बाय ८ फुटांचा स्वस्त ट्रेलर सुट्या भागांत खोक्यात मिळतो. घरी बोल्ट आवळून जोडायचा आणि तळाला प्लायवूड टाकायचं. मी त्यावर मोटरसायकल शेकडो मैल नेली आहे. स्वस्त ट्रेलरची दुखणी दोन: बेअरिंगमध्ये ग्रीस नावापुरतं असतं आणि नट हादऱ्याने ढिले होतात. तुझ्या ट्रॉलीची दोन्ही चाकं काढ, बेअरिंग धुऊन नवीन ग्रीस भर. फवारणीची ट्रॉली शेतात ताशी दहाच्या वेगाने चालली असेल, हायवेला तेच बेअरिंग तापून जाम होतं.

दुसरं, हूक. गोळ्याचा हूक असेल तर गोळा आणि कप एकाच मापाचे हवेत. इथे पावणेदोन इंचांहून थोडा मोठा आणि दोन इंची असे गोळे मिळतात. मोठ्या कपात छोटा गोळा बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात सुटतो. ट्रॅक्टरची कडी-पिन असेल तर ती बदलून घे, तिच्यात खेळ फार. आणि काहीही असलं तरी दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना ओलांडून बोलेरोला लाव. हूक सुटला तर दांडी त्या झोळीत पडते, डांबरात रुतत नाही.

केळीचा_घड (रावेर):
टायरही बघ. आपल्या उन्हात उघड्यावर पडलेल्या ट्रॉलीचा टायर नक्षी शाबूत असूनही कडेला तडकलेला असतो. कडेला चार आकडे असतात, १४१९ म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. फार जुना असेल तर दोन्ही बदल, आणि स्टेपनीशिवाय निघू नको. मागे लाल दिवे, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर हवेतच. आपल्या भागात अंधारात उभ्या ट्रॉल्यांवर आदळून किती पोरं गेली, वेगळं सांगायला नको.

तापीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. बोलेरो भाऊ चालवणार आहे. ट्रॉली झुलायला लागली तर त्याने काय करायचं? आणि रिव्हर्स त्याला जमत नाही.

जुनं_लोखंड (चोपडा):
झोल आला तर ब्रेक मारायचा नाही, रेसही द्यायची नाही. पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, गाडी आपोआप मंदावू द्यायची. मग थांबून वजन पुढे घ्यायचं. पण चाळीस-पन्नासच्या पुढे जाऊच नका. ट्रॉलीचे पाटे टाकीच्या वजनासाठी केलेले, बुलेटच्या वजनाला ते दबणार नाहीत आणि ट्रॉली उड्या मारेल. वाळूची दोन पोती एक्सलच्या किंचित पुढे तळाला टाका, शांत होते. मात्र वजन वाढलं म्हणजे हुकावरचा भार पुन्हा मोजायचा.

रिव्हर्सला स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरायचा. हात ज्या बाजूला नेशील त्या बाजूला ट्रॉली जाते. खळ्यात अर्धा तास सराव पुरे. तुले सांगस भाऊ, घाई करू नको.

तापीकाठ (सव्वा महिन्याने):
कळवायला उशीर झाला. त्या ट्रॉलीला कागद नव्हते म्हणून घेतली नाही. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याकडे नोंदणी असलेली मिळाली, ४ बाय ८ ची, २६ हजारांत. विमा, बेअरिंग, दोन टायर, दिवे आणि पट्टे धरून वर आठ हजार गेले. जास्त गेले, पण आठ फुटांमुळे बुलेट पुढे-मागे सरकवायला जागा मिळाली. काट्यावर पहिल्यांदा फक्त १९ किलो भरले! वीतभर पुढे घेतली तेव्हा ३८ झाले. ते मोजलं नसतं तर आम्ही तसेच निघालो असतो.

पहाटे निघालो. तापीच्या पुलाआधी थांबलो तर मागचा डावा पट्टा दोन बोटं सैल. नरडाण्याला पुन्हा जरासा. त्यानंतर धुळ्यापर्यंत हलला नाही. वडील बोलेरोत मागे बसले होते आणि सगळा रस्ता मागच्या काचेतून बुलेटकडेच बघत होते.

इंजिन उघडलंय, पिस्टन सिलिंडरला गंजून चिकटला होता, बोअर करावा लागेल. पुढची फेरी महिन्याभरात. तोपर्यंत पट्टे, फळी आणि साखळ्या घरीच आहेत. शिरपूर-थाळनेर भागात कोणाला गाडी न्यायची असेल तर घेऊन जा, भाडं नको.