एका इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ एकदम शिकवावेत का?

धागाकर्ता:
‘रन’ या शब्दाचे पाच अर्थ पाच वाक्यांत लिहून आणा, अशा स्वरूपाचा गृहपाठ मला हानिकारक वाटतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या सुधारित नोंदीत या एका क्रियापदाच्या ६४५ अर्थच्छटा आहेत. त्यांतल्या कोणत्या पाच निवडायच्या, हे मुलांनी कशावरून ठरवावे? आपण ‘लागणे’ कसे शिकलो ते आठवून पाहा. भूक लागली, ठेच लागली, दिवे लागले, निकाल लागला: यादी कुणी दिली नव्हती, प्रत्येक अर्थ आपापल्या प्रसंगासोबत आला आणि म्हणूनच पक्का बसला.

प्रतिसाद १:
ही तुलना मला मान्य नाही. ‘लागणे’ आपल्या कानांवर जन्मापासून पडत होते. ज्याला इंग्रजी केवळ तासापुरते ऐकू येते, त्याला एवढे प्रसंग कुठून मिळणार? शिवाय काही अर्थ शेजारी ठेवल्याखेरीज उमगत नाहीत. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरी आणि ‘सँक्शन’ म्हणजेच निर्बंध. यांतला पहिलाच अर्थ ठाऊक असलेला वाचक बातमीचा नेमका उलटा अर्थ लावेल.

प्रतिसाद २:
माझ्या मते दोष गृहपाठाचा नसून वाक्यांचा आहे. ‘ही वेंट टू द बँक’ या वाक्यावरून तो पैसे काढायला गेला की नदीकाठी, हे कळत नाही. ‘शी सॅट ऑन द बँक अँड वॉच्ड द बोट्स’ लिहिले की संदिग्धता उरत नाही. मुळात शब्दकोश या दोन ‘बँकां’ना वेगळ्या नोंदी देतात, कारण पैशांची बँक इटालियन ‘बांका’वरून, म्हणजे सराफाच्या बाकावरून आली. ‘रन’ मात्र एकच शब्द आहे. माणूस धावतो, नदी वाहते, यंत्र चालते, धुताना रंग पसरतो, या सर्वांत गती आहे, आणि तो दुवा आधी दाखवला तर यादीचे ओझे वाटत नाही.

धागाकर्ता:
‘सँक्शन’चे दोन्ही अर्थ जोडीनेच शिकवायला हवेत, हे मी मान्य करतो, बँकेचे वाक्यही पटले. गतीचा दुवा मात्र सर्वत्र पुरत नाही. ‘शी रन्स अ स्कूल’ सोपे जाते, कारण मराठीतही शाळा ‘चालवतात’. पण अमेरिकी इंग्रजीत निवडणुकीसाठी ‘रन’ करणारा उमेदवार ब्रिटिश इंग्रजीत ‘स्टँड’ करतो आणि मराठीतही उभाच राहतो. हा अर्थ निवडणुकीची बातमी समोर ठेवूनच शिकवावा लागेल.